गोष्ट नसलेला नाच आणि मॉस्कोचे प्रेक्षक

मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात ९ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री न्यूयॉर्क सिटी बॅलेचा पहिला प्रयोग झाला. बॅले पाहण्यात मुरलेला असा प्रेक्षक जगात दुसरीकडे सापडणे कठीण. आजीने आईला आणि आईने लेकीला 'स्वान लेक' दाखवायला हात धरून नेलेले. कोणती नर्तिका कोणत्या साली कोणत्या भूमिकेत उभी राहिली होती, याच्या आठवणी घरोघर. अशांच्या पुढे अमेरिकेहून आलेली मंडळी जे घेऊन आली होती त्यात राजकन्या नव्हती, शाप नव्हता, उःशाप नव्हता. एका रचनेत तर पोशाखही धड नव्हता. तालमीला घालतात ते काळे-पांढरे घट्ट कपडे अंगावर चढवून नर्तक सरळ रंगमंचावर आले होते.

त्या रात्री चार रचना झाल्या. चायकोव्हस्कीच्या संगीतावरची 'सेरेनेड', जेरोम रॉबिन्सची खेळकर 'इंटरप्ले', स्ट्राविन्स्कीच्या संगीतावरची 'अगॉन' आणि शेवटी काउबॉय गाण्यांवर बेतलेली 'वेस्टर्न सिंफनी'. समोर राजदूत, अधिकारी आणि कलाक्षेत्रातले मानकरी बसले होते. टाळ्या झाल्या, पण बेतशीर. सरकारी पाहुण्यांच्या टाळ्या कुठल्याही देशात एकाच मापाच्या असतात. मग प्रयोग क्रेमलिनच्या आवारातल्या काँग्रेस पॅलेसमध्ये हलले. एकच वर्ष आधी उघडलेली ही वास्तू, आसने सुमारे ६०००. इथे तिकीट काढून आलेले लोक बसले आणि हवा पालटली. मॉस्कोचा मुक्काम संपेपर्यंत प्रेक्षक मंचापाशी गर्दी करून 'बा-लां-शिन, बा-लां-शिन' असा घोष करू लागले होते.

जॉर्ज बालांशिन हे या पथकाचे नृत्यरचनाकार. ज्या बॅलेत ना नायक ना खलनायक, जिथे कुणी मरत नाही आणि कुणाचे लग्न होत नाही, त्या बॅलेवर मॉस्को भाळेल असे खुद्द त्यांनाही वाटले नव्हते. अमेरिकी परराष्ट्र खात्याला त्यांची बरीच मनधरणी करावी लागली, तेव्हा कुठे ते या दौऱ्याला राजी झाले. या व्याख्यानाचा विषय हीच अकल्पित आवड आहे. कथाप्रेमी प्रेक्षकाला कथाहीन नाच का आवडला, हा प्रश्न मॉस्कोचा असला तरी महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनाही तो परका वाटू नये. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते गाण्याचे दर्दी होते. नाचावरचे व्याख्यान ठेवलेले पाहून त्यांच्या भुवया जरा उंचावल्या असत्या. पण त्यातले गाणे त्यांनी लगेच ओळखले असते.

मॉस्कोच्या प्रेक्षकाला तोवर काय आवडत होते, ते आधी पाहू. १९३० च्या दशकापासून सोव्हिएत रंगभूमीवर ज्याला नाट्यबॅले म्हणत, त्याचे राज्य होते. पुश्किनच्या काव्यावरचा रोस्तिस्लाव झाखारोव्हचा 'बाख्चिसारायचे कारंजे' १९३४ चा. लिओनिद लाव्हरोव्हस्कीचा 'रोमिओ आणि ज्युलिएट' १९४० चा. त्यात गालिना उलानोव्हाची ज्युलिएट झगा सावरीत मंचभर धावत सुटे, आणि त्या नुसत्या धावण्यावर लोक जीव टाकत. या परंपरेला कमी लेखण्याचे कारण नाही. अभिनय, साहित्य आणि नृत्य यांची अशी एकजीव जुळणी दुर्मीळच. मात्र तिच्यामागे एक सक्ती होती. नाचाला अर्थ हवा, अर्थ गोष्टीतून यावा आणि गोष्ट लोकांना उपकारक असावी. निव्वळ नाचासाठी नाच म्हणजे 'रूपवाद', आणि रूपवाद हा त्या काळी टीकाकाराचा शब्द कमी आणि फौजदारी आरोप जास्त होता.

हा आरोप कसा लागू होई याचा दाखला १९३६ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत 'प्रावदा'त एक निनावी लेख आला, 'बॅलेतील खोटेपणा'. रोख होता फ्योदर लोपुखोव्हच्या 'द ब्राइट स्ट्रीम' या बॅलेवर. संगीत शोस्ताकोविचचे, विषय सामुदायिक शेतावरची गंमतजंमत. म्हणजे गोष्ट होती, तीही शेतकऱ्यांची. तरी ती पुरेशी गंभीर ठरली नाही. लोपुखोव्हचे बोल्शॉयमधले पद गेले. संहितेचा सहलेखक आद्रियान पिओत्रोव्हस्की पुढे पकडला गेला आणि १९३७ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली.

आता गंमत अशी, की कथेविना बॅले ही कल्पना अमेरिकेची नव्हेच. ती याच लोपुखोव्हची, आणि याच देशातली. मार्च १९२३ मध्ये पेट्रोग्रादला त्याने 'नृत्य-सिंफनी' बसवली. बीथोवनची चौथी सिंफनी पूर्ण वाजणार आणि नर्तक ती नाचणार. पात्रे नाहीत, प्रसंग नाहीत, आहे ती विश्वाची भव्यता. प्रयोग ठेवला तो रात्री, आख्खा 'स्वान लेक' संपल्यावर. दमलेल्या प्रेक्षकांनी तो थंडपणे पाहिला आणि दुसरा प्रयोग झालाच नाही. मात्र मंचावर कोण होते ते पाहा. पुढे जगप्रसिद्ध झालेली अलेक्सांद्रा दानिलोव्हा होती. 'रोमिओ आणि ज्युलिएट' रचून नाट्यबॅलेचा खांब ठरलेला लाव्हरोव्हस्की होता. आणि गिओर्गी बालांचिवाद्झे नावाचा १९ वर्षांचा एक जॉर्जियन पोरगा होता. एका फसलेल्या प्रयोगातून दोन वाटा फुटल्या. एक बोल्शॉयच्या गादीपर्यंत गेली. दुसऱ्या वाटेने तो पोरगा १९२४ च्या उन्हाळ्यात मोजक्या सोबत्यांसह बोटीने जर्मनीला गेला आणि परतला नाही. दिआघिलेव्ह या रशियन निर्मात्याच्या बॅले कंपनीत त्याचे लांबलचक आडनाव कातरून 'बालांशिन' झाले. १९३३ मध्ये लिंकन कर्स्टीन या श्रीमंत, हौशी आणि हट्टी अमेरिकी तरुणाने त्यांना न्यूयॉर्कला आणले, आणि २ जानेवारी १९३४ रोजी तिथे शाळा उघडली.

या शाळेत काय घडले ते थोडे तपशिलात सांगायला हवे. गोष्ट नसलेली रचना कशाच्या आधारावर उभी राहते, हे तिथे कळते. विद्यार्थिनी नवशिक्या होत्या. त्यांना मंचावर वावरायला शिकवावे म्हणून बालांशिन यांनी चायकोव्हस्कीचे तंतुवाद्यांसाठीचे 'सेरेनेड' घेतले आणि एकेका संध्याकाळी जेवढ्या मुली हजर, तेवढ्यांसाठी रचत गेले. पहिल्या दिवशी १७ जणी आल्या; म्हणून आरंभ १७ जणींचा. दुसऱ्या दिवशी ९, तिसऱ्या दिवशी ६. एकदा एक मुलगी उशिरा आली. ती रांगेत आपली जागा शोधत येते, हेच रचनेत बसले. एकदा एक मुलगी पडून रडू लागली, तेही बसले. पुरुष उगवले तेव्हा पुरुषांना काम मिळाले. वर, चायकोव्हस्कीने शेवटी ठेवलेला द्रुत भाग त्यांनी अलगद आधी घेतला आणि विलापिकेवर शेवट केला.

आजही पडदा उघडतो तेव्हा १७ स्त्रिया निळसर प्रकाशात उभ्या दिसतात. प्रत्येकीचा उजवा हात तिरका वर, डोळ्यांवर येणारे ऊन अडवावे तसा. मग मनगटे हळूच मोडतात, हात कपाळाशी येतो, छातीशी येतो, आणि एकाच क्षणी सतराही जणींची पावले समांतर स्थितीतून बॅलेच्या पहिल्या स्थितीत उघडतात. घडते ते एवढेच. बॅलेच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात ती ही गोष्ट. पण चायकोव्हस्कीच्या उतरत जाणाऱ्या स्वरांवर ती घडताना पाहिली, की बसल्या जागी घशाशी काहीतरी दाटून येते, आणि का ते सांगता येत नाही. पुढे त्यातली एक स्त्री जमिनीवर कोसळते, एक पुरुष डोळे झाकलेल्या अवस्थेत तिच्याकडे आणला जातो, शेवटी तिला खांद्याएवढ्या उंचीवर उभीच्या उभी वाहून नेतात. यात गोष्ट नाही म्हणावे तर नाही. आणि दहा कादंबऱ्यांचे बीज आहे म्हणावे तर तेही चालेल. बालांशिन स्वतः विचारणाऱ्याला नन्नाचा पाढा वाचत.

मॉस्कोला पहिल्या रात्री पडदा उघडला तो याच रचनेवर. ही निवड धोरणी होती. संगीत चायकोव्हस्कीचे, म्हणजे समोरच्यांच्या घरातले. लांब पायघोळ निळसर झगे जुन्या रोमँटिक बॅलेची आठवण देणारे. प्रेक्षकाला वाटावे, हे तर आपलेच आहे. आणि त्यानंतर तासाभराने 'अगॉन'.

'अगॉन'चा मामला वेगळा. पडदा उघडतो तेव्हा चार पुरुष प्रेक्षकांकडे पाठ करून उभे. अंगात पांढरा टी-शर्ट, खाली काळी घट्ट विजार. ते गर्रकन वळतात आणि सुरुवात होते. एकूण नर्तक १२, स्त्रिया ८. अवधी वीस-पंचवीस मिनिटे. स्ट्राविन्स्कीने नाचांची चौकट १७ व्या शतकातल्या फ्रेंच नृत्यविषयक पुस्तकातून घेतली, पण त्या जुन्या दरबारी नाचांच्या अंगात बारा-स्वरी पद्धतीचे नवे, टोकदार संगीत भरले. लय इतकी निसटती, की नर्तकांना पूर्ण वेळ मनात मोजत राहावे लागते. एक आकडा चुकला तर सगळी फळी कोसळेल. आणि हा धोका प्रेक्षकाला जाणवतो. सर्कशीत जाणवतो तसला नव्हे, जरा अधिक बुद्धीचा.

या रचनेचे मर्म तिच्यातल्या युगुलनृत्यात आहे. जुन्या बॅलेत युगुलनृत्य म्हणजे प्रणयाची कबुली. तो तिला उचलतो, ती त्याच्यावर रेलते, पियानिसिमोवर दिवे मंदावतात. इथे दोघांच्या चेहऱ्यावर भाव म्हणावा तसा नाही. ती एका पायाच्या बोटांवर उभी. दुसरा पाय मागून त्याच्या मानेभोवती येतो. एका ठिकाणी तो चक्क पाठीवर झोपतो आणि तिच्या घोट्याला धरून तिचा तोल जमिनीवरून सांभाळतो. दोघे मिळून एखादे अवघड प्रमेय सोडवीत असावेत, अशी त्यांची एकाग्रता. त्या एकाग्रतेतूनच एक विलक्षण जवळीक तयार होते. प्रेमाच्या आणाभाकांपेक्षा 'तू हात सोडलास तर मी पडेन' हे सत्य जास्त जवळचे असते, निदान पाहणाऱ्याला.

१ डिसेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कला 'अगॉन' प्रथम झाले तेव्हा हे युगुलनृत्य डायना अ‍ॅडम्स आणि आर्थर मिचेल यांनी केले होते. अ‍ॅडम्स गोरी, मिचेल कृष्णवर्णीय, हार्लेममध्ये वाढलेला. ज्या अमेरिकेत त्याच वर्षी लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरता यावे म्हणून सैन्य उभे करावे लागले होते, त्या देशातल्या मंचावर हे दोन देह एकमेकांत गुंतत होते. बालांशिन यांनी त्यावर भाषण केले नाही; दोन त्वचांचे रंग त्यांनी रचनेतच धरले होते. अमेरिकी दूरचित्रवाणीवर मिचेलला हे युगुलनृत्य करता आले ते १९६८ मध्ये. मॉस्कोत मात्र त्याने अ‍ॅलेग्रा केंटसह ते १९६२ मध्येच केले, आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. इथे दोन्ही महासत्तांच्या प्रचारखात्यांची पंचाईत झाली असणार. अमेरिकेला मिरवायची होती ती तिची मुक्त कला, आणि ती मिरवणारा नर्तक मायदेशात टीव्हीला चालत नव्हता. सोव्हिएत बाजूला दाखवायचा होता अमेरिकी वर्णद्वेष, आणि समोर तर कृष्णवर्णीय तरुण कंपनीचा मुख्य नर्तक म्हणून नाचत होता.

समीक्षकांचे काय? त्यांनी नाकारले आणि जनतेने स्वीकारले, अशी सोपी विभागणी सांगितली जाते. ती खरी नाही. बऱ्याच सोव्हिएत समीक्षकांनी रचनांतली सांगीतिक सूक्ष्मता ओळखली आणि मोकळेपणी लिहिली. अडखळले ते कथेपाशी. 'स्पार्टाकस'चा संगीतकार आराम खाचातुरियन याचे मत या दृष्टीने बोलके आहे. त्याने बालांशिन यांचे संगीताचे कान वाखाणले, आणि एवढ्या कौशल्याला कथानकाची, माणसांच्या चित्रणाची जोड मिळाली असती तर, अशी हळहळही नोंदवली. हळहळ प्रामाणिक होती. ज्याने आयुष्यभर बंड, प्रेम आणि मरण यांसाठी संगीत लिहिले, त्याला नुसत्या संगीतासाठी नाचणारे पाय अपुरे वाटले तर नवल नाही. पण याच खाचातुरियनच्या संगीताची लय बालांशिनच्या हाती लागती तर काय झाले असते, असा प्रश्न मनात येतोच.

प्रेक्षक एवढे सावध नव्हते. एडवर्ड व्हिलेला हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ट्रकमालकाचा मुलगा. कॉलेजात मुष्टियुद्धाचा विजेता. 'डोनिझेट्टी व्हेरिएशन्स'मधला त्याचा एकल नाच संपला आणि टाळ्या थांबेनात. तो वाकून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. शेवटी वाद्यवृंदाला मागे फिरावे लागले आणि त्याने तो नाच पहिल्यापासून पुन्हा केला. मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला यात काहीच अप्रूप वाटणार नाही. बालगंधर्वांच्या काळी एकेका पदाला वन्समोअर मिळून नाटके पहाटेपर्यंत लांबत. पण बालांशिन यांच्या शिस्तीत एका नर्तकाला पुन्हा नाचू देणे बसत नव्हते. त्यांच्या लेखी रचना मोठी, नर्तक नव्हे. त्यांना ते फारसे रुचले नाही.

त्याच शरदात आणखी एक गृहस्थ रशियात होते, इगोर स्ट्राविन्स्की. ४८ वर्षांनी मायदेशी आलेले. वय ८०. सप्टेंबरच्या अखेरीस आले, ११ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्हना भेटून परतले. दोन दिवस आधी बोल्शॉयमध्ये त्यांचेच 'अगॉन' नाचले गेले होते. ज्या दोन माणसांनी विसाव्या शतकाच्या बॅलेचे व्याकरण बदलले, ते दोघेही याच भूमीतले, दोघेही निघून गेलेले आणि एकाच पंधरवड्यात पाहुणे म्हणून परतलेले. विमानतळावर बालांशिन यांना भेटायला त्यांचा भाऊ आंद्रिया आला होता. तोही संगीतकार, जॉर्जियात नावाजलेला. दोघांची कित्येक दशकांनी गाठ पडत होती. कुणीतरी बालांशिन यांचे बॅलेच्या माहेरघरी स्वागत केले, तेव्हा त्यांनी अभिजात बॅलेचे घर आता अमेरिका आहे, रशिया हे रोमँटिक बॅलेचे घर, असे सुनावल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. पाहुण्याने एवढे खडे बोलू नये. पण हा पाहुणा नव्हता, हीच तर अडचण.

आणि मग २२ ऑक्टोबरला केनेडींनी क्यूबातल्या क्षेपणास्त्रांची बातमी जगाला सांगितली. अमेरिकी नर्तक मॉस्कोत, बोल्शॉयचे नर्तक त्याच वेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर. अणुयुद्ध पेटलेच तर दोन्ही देशांतले उत्तम नर्तक परक्या हॉटेलांत अडकणार. अमेरिकी वकिलातीपुढे निदर्शने झाली. प्रयोग मात्र चालू राहिले आणि नाट्यगृहे भरतच राहिली. तो सगळा आठवडा मॉस्कोचे नागरिक संध्याकाळी शत्रुराष्ट्राचा नाच पाहायला जात होते आणि टाळ्या वाजवत होते, ही गोष्ट शीतयुद्धाच्या इतिहासात एखाद्या तळटीपेहून मोठी जागा मागते. २८ तारखेला ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे जाहीर केले. पथक लेनिनग्रादकडे निघाले.

पण मूळ प्रश्न राहिलाच. हे प्रेक्षक बदलले कसे? एक उत्तर असे, की ते बदललेच नाहीत. त्यांच्याकडे जे आधीपासून होते ते पहिल्यांदा वापरात आले. मॉस्को-लेनिनग्रादचा प्रेक्षक मैफलीत सिंफनी ऐकणारा होता. सिंफनीत नायक कोण असे तो विचारत नसे. दोन स्वरावलींचा झगडा, त्यांची गाठ, त्यांची फारकत त्याच्या कानाला समजत होती. नाट्यगृहात शिरताना हा कान तो बाहेर ठेवायला शिकला होता, कारण तिथे डोळ्यांसाठी ज्युलिएट होती. बालांशिन यांनी ज्युलिएट काढून घेतली आणि डोळ्यांना कानाच्या कामाला लावले. पहिली रात्र गोंधळात जाते; नजर सवयीने नायिका शोधत राहते, कार्यक्रमपत्रिकेत कथासार चाळले जाते, ते नसते. दुसऱ्या खेपेला केव्हातरी शोध थांबतो आणि आकृती दिसू लागतात. म्हणूनच पहिल्या रात्रीच्या टाळ्या आणि तिसऱ्या आठवड्यातला घोष यांत एवढे अंतर पडले. लोक एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा येत होते.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईतला बॅलेचा इतिहासही गोष्टीचाच आहे. उदय शंकर जे.जे. कला महाविद्यालयातून लंडनला गेले आणि १९२३ मध्ये अ‍ॅना पावलोव्हासाठी त्यांनी राधाकृष्णाचा नाच बसवला. तिथून सुरू झालेली वाट खंडाळ्याच्या नर्तिका मेनका यांच्या नृत्यनाट्यांवरून, इप्टा या नाट्यसंघटनेच्या अंधेरीतल्या मध्यवर्ती पथकावरून, १९५२ च्या शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रूपपर्यंत येते. बर्धन यांचे 'रामायण' आठवण्याजोगे. सगळे नट कळसूत्री बाहुल्यांसारखे तुटक हलायचे. मालवणच्या मातीतले पार्वतीकुमार 'देख तेरी बंबई' रचत होते. या रचना कल्पक होत्या, पण प्रत्येकीला कथा किंवा निदान संदेश होता. मराठी मध्यमवर्गाच्या मनात बॅले म्हणजे संवाद नसलेले नाटक अशी नोंद झाली ती इथे. त्यामुळे परदेशी आधुनिक बॅले पडद्यावर पाहताना 'यात चाललंय काय?' हा प्रश्न घरोघर उमटतो.

आणि हेच प्रेक्षक पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी रात्र-रात्र बसत. एखादा गायक तासभर मारवा मांडतो, शब्द म्हणावे तर दोन ओळी, त्याही धड ऐकू येत नाहीत. तरी 'याची गोष्ट काय' असे कुणी शेजाऱ्याला विचारत नाही. षड्ज टाळून कोमल ऋषभावर थांबलेला स्वर ऐकून माणसे अस्वस्थ होतात, आणि षड्ज लागला की सुस्कारा टाकतात. बालांशिनचे 'अगॉन' समजण्यासाठी लागते ती सामग्री हीच. ती आपल्याकडे आहे. ती नाचापुढे काढायची सवय तेवढी नाही. कथ्थकमध्ये तर नृत्त नावाचे अख्खे दालन कथेविना उभे आहे, आणि रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या नृत्यभारतीत पुण्याच्या पिढ्यांनी ते जवळून पाहिले. तरी नृत्तानंतर अभिनयाचा भाग आला की प्रेक्षागृह सैलावते, हेही खरे. १९८४ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत पूर्व-पश्चिम नृत्यमेळावा झाला. त्यात वाडा या गावी जन्मलेल्या चंद्रलेखा अनेक वर्षांच्या खंडानंतर मंचावर परतल्या आणि भरतनाट्यममधून देवदेवतांच्या कथा वजा करून रेषा, तोल आणि ऊर्जा एवढेच त्यांनी मांडले. त्यांच्यावर झालेली टीका आणि त्यांना लाभलेले वेडे चाहते, दोन्हींची जात मॉस्कोहून फार वेगळी नव्हती.

आता पुन्हा त्या दौऱ्याकडे. लेनिनग्रादला बालांशिन यांचे मन मात्र लागेना. किरोव्ह थिएटर म्हणजे त्यांचे जुने मारिन्स्की. इथेच लहानपणी 'स्लीपिंग ब्यूटी'त क्युपिड होऊन ते पहिल्यांदा मंचावर आले होते. शहर तेच, पण सावल्या भरलेले. तरुण नर्तक त्यांच्याभोवती कोंडाळे करत, प्रश्न विचारत. प्रेक्षक मॉस्कोहूनही जाणते ठरले. तरीही ते काही दिवसांसाठी विमानाने न्यूयॉर्कला निघून गेले आणि दौरा तिबिलिसीला पोचताना पुन्हा येऊन मिळाले. ज्या जॉर्जियाचे रक्त ते अभिमानाने मिरवत, तो प्रदेश त्यांनी त्याआधी पाहिलाच नव्हता.

एका दौऱ्याने सोव्हिएत बॅले बदलला असा दावा करता येणार नाही. बदल आतूनही येत होता. युरी ग्रिगोरोविचचा 'दगडी फूल' १९५७ चा, आणि शोस्ताकोविचच्या सातव्या सिंफनीवरचा इगोर बेल्स्कीचा 'लेनिनग्राद सिंफनी' १९६१ चा. आवड मात्र मागे राहिली, आणि आवडीला खाद्य मिळेना. न्यूयॉर्क सिटी बॅले १९७२ मध्ये पुन्हा आले, एवढेच. नव्या रचना नाचायला मिळाव्यात या ओढीने मिखाईल बारिश्निकोव्ह १९७४ मध्ये देश सोडून गेला आणि १९७८ मध्ये, जगातला सर्वांत नावाजलेला नर्तक असताना, बालांशिन यांच्याकडे शिकाऊसारखा जाऊन उभा राहिला.

बालांशिन १९८३ मध्ये गेले. किरोव्हने त्यांच्या रचना हाती घेतल्या त्या १९८९ मध्ये, 'थीम अँड व्हेरिएशन्स' आणि 'स्कॉच सिंफनी'. दुसरी बसवायला आली सुझान फॅरेल. ६२ च्या दौऱ्यात ती १७ वर्षांची, समूहनृत्यातली मुलगी होती. अडचण आली ती तंत्राची. रशियन परंपरेत नर्तिकेची उडी पूर्ण होईपर्यंत वाद्यवृंदाचा प्रमुख थांबतो. त्याची नजर तिच्या पायांवर असते. बालांशिन यांच्याकडे संगीत कुणासाठी थांबत नाही, आणि ते पाय त्यामुळेच तसे पडतात. किरोव्हच्या नर्तकांना ताल धरायला शिकावे लागले. वादकांना मान खाली घालून, मंचाकडे न पाहता वाजवायला.